चक्रवाकाची भेट

गेली अठरा वर्षे मी वर्गात चक्रवाक शिकवीत आलो आहे. रात्र पडली की चक्रवाकाची जोडी नदीच्या दोन तीरांवर दुरावते, हा जुना कविसंकेत मी फळ्यावर लिहून देतो आणि मुले तो इमानाने पेपरात उतरवतात. गेल्या वर्षी एका मुलीने विचारले, "सर, हा पक्षी दिसतो कसा?" मी म्हणालो, "सुंदर!" वर्ग हसला, मीही हसलो, पण रात्री जेवताना घास गोड लागेना.

म्हणून पौषातल्या एका रविवारी सौ. आणि दोन्ही मुलांना घेऊन भल्या पहाटे पुणे सोडले. सोलापूर रस्त्याने शंभरएक किलोमीटरवर भिगवण लागते. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पुरे झाले, त्याचे पाणी इथवर मागे पसरले आहे. हा यशवंतसागर. यात ११७ अब्ज घनफूट पाणी मावते.

पक्षी पाहायला पहिली जागा कुंभारगावची. इथले मच्छीमारच आपल्या होडीतून पक्षी दाखवतात. उथळ पाण्यात रोहितांचा थवा उभा होता. मान खाली घालून, चोच उलटी करून ते चिखलपाणी गाळतात. त्यातल्या शेवाळातून आणि बारीक जिवांतून मिळणाऱ्या रंगद्रव्यानेच त्यांना तो गुलाबी रंग येतो. मात्र धरण तुडुंब भरले असले, तर उथळ जागा उरत नाहीत आणि रोहित उशिरा येतात. तेव्हा निघण्यापूर्वी पाण्याची चौकशी करावी.

डिकसळच्या बाजूला कुरव आणि सुरय पाण्यावर घिरट्या घालतात. इंदापूरपर्यंत जाणार असाल, तर तिथल्या तहसील कचेरीच्या आवारातली चिंचेची झाडे पाहा. ऋतू असला म्हणजे चित्रबलाक त्यांवर घरटी करतात. पळसदेवचे जुने देऊळ तर पाण्यातच आहे. उन्हाळ्यात पाणी उतरले की ते वर येते.

एका पक्ष्याने मात्र सौ.ना जिंकले. काळ्या अंगाचा, कपाळी पांढरा टिळा ल्यालेला. नावाडी म्हणाला, "ह्यो वारकरी." हीच भीमा पुढे पंढरपूरला चंद्रभागा होते, हे आठवून सौ.नी होडीतच हात जोडले. चिरंजीवांना डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले राजहंस भावले. ते हिमालय ओलांडून येतात, हे ऐकून तो आपली शाळेची बस विसरला.

आणि मग तो दिसला. मोठ्या बदकाएवढा, नारिंगी अंगाचा, फिकट डोक्याचा. उडाला तेव्हा पंखांवरचा पांढरा रंग लख्ख चमकला. लडाख-तिबेटाकडून थंडीपुरता आलेला हा पाहुणा जोडीने काठावर बसला होता. मी प्राध्यापकी थाटात नावाड्याला तो संकेत सांगितला. त्याने वल्हे थांबवले.

"न्हाई वो सर. रातीबी जोडीनंच असत्यात ती. ताटातूट झाली ती आमच्या गावाची. निम्मी माणसं ह्या तीराला, निम्मी त्या." मग पाण्याकडे बोट करून म्हणाला, "तुमची होडी हाय ना, तिच्या खाली आमच्या आज्याची हीर हाय."

कोणी काही बोलले नाही. धाकटी तेवढी वाकून पाण्यात पाहत राहिली.

ज्या पाण्याने त्याच्या आज्याचे शेत नेले, त्याच पाण्याने हे पक्षी आणले आणि आज त्याच पक्ष्यांवर त्याच्या घरची चूल पेटते. हा हिशेब कसा मांडायचा, ते मला अजून उमगलेले नाही.

पुढच्या तासाला त्या मुलीला मी चक्रवाकाचा रंग सांगितला, आणि नावाड्याचे बोलणेही.

तुम्हाला जायचे असेल, तर डिसेंबर ते मार्च हा काळ बरा. दुर्बीण घ्या, भडक कपडे टाळा, सूर्य वर येण्याआधी पोहोचा. फोटोसाठी रोहितांना उडवायला नावाड्याला मुळीच सांगू नका. त्यांचे खाणे मोडते. आणि परतण्यापूर्वी त्याला एवढे जरूर विचारा, "दादा, तुमचे जुने गाव कुठे होते?"