जलपर्णीचे व्याज

कंधार हे राष्ट्रकूटकालीन जगत्तुंग सागराचे गाव. बँकेत असताना त्या भागातल्या एका तळ्यावर मी थकलेल्या हप्त्याची नोटीस घेऊन गेलो. मासे धरणाऱ्या भोयाने पाण्यावरची जलपर्णी दाखवली.

"सायेब, हिचं याज तुमच्याहून जास्ती हाय."

खरेच होते. कमळ तळे आटले की चिखलातल्या कंदात पुंजी राखते आणि पाणी आले की पान काढते. दक्षिण अमेरिकेतून आलेली जलपर्णी मात्र उबदार पाण्यात दोन आठवड्यांत दुप्पट होते. खाली उजेड नाही, प्राणवायू नाही, मासे गुदमरतात. उपटली तरी बी चिखलात वर्षानुवर्षे तग धरते.

नोटीस तशीच परत आणली. भोयाला मुदतवाढ मिळाली. तळ्याला कोण देणार?