रानम्हैस म्हणजे मोकाट सुटलेली म्हैस नव्हे

रायपूरहून बारनवापारा किंवा उदंती-सीतानदीच्या जंगलात जाणारे पर्यटक रानम्हशीला अनेकदा गावातून पळालेली म्हैस समजतात. हा गोंधळ स्वाभाविक आहे, कारण दोघींचे रूप मिळतेजुळते असते. पण गाव सोडून रानात राहू लागलेला प्राणी मोकाट (पाळीव वंशाचा, पण मालकाविना जगणारा) म्हणवतो. रानम्हैस मात्र कधीच पाळीव नव्हती. उलट काही हजार वर्षांपूर्वी माणसाने हिच्याच पूर्वजांपासून आपली म्हैस घडवली. छत्तीसगडचा राज्यप्राणी हीच.

दोघींच्या संकरातून प्रजननक्षम वासरे होतात, मग फरक कसला, असा आक्षेप घेतला जातो. पण खरा धोका त्या संकरातच आहे. धानाच्या या मुलुखात शेतकरी बियाण्याचा भात वेगळा राखतो, कारण भेसळ झाली की मूळ वाण पुन्हा निवडून काढता येत नाही. रानम्हशीचेही तसेच. वाघ, दुष्काळ आणि रोगराई यांना तोंड देत टिकलेले गुण पाळीव रक्त मिसळत गेले की पातळ होतात. म्हणूनच आसामातील मानस अभयारण्यातून रानम्हशी बारनवापाऱ्यात आणल्या गेल्या. एवढा खटाटोप कशाला, असे वाटेल. पण मध्य भारतात शुद्ध वंशाच्या रानम्हशी आता मोजक्याच उरल्या आहेत. तेव्हा हा संकर टळावा म्हणून जंगलालगतच्या गावांनी गुरे गाभा क्षेत्रात (संरक्षित जंगलाच्या आतल्या भागात) चरायला सोडू नयेत आणि वनखात्याने त्यांना चाऱ्याची पर्यायी सोय करून द्यावी.