आकड्यांपलीकडचे मानकरी

भिलाईचे नाव निघाले की प्रथम आठवते ते पोलाद. १९५९ मध्ये येथील पहिली झोतभट्टी पेटली आणि पुढे भिलाईचे रूळ देशभर पोहोचले. याच नगरीचे म्हणून क्रिकेटविश्वात ओळखले जाणारे नाव म्हणजे ऑफस्पिनर राजेश चौहान. छत्तीसगड राज्य २००० मध्ये स्थापन झाले. त्यापूर्वीच्या काळात ते मध्य प्रदेशकडून खेळले. १९९३ ते १९९८ या अवधीत त्यांनी २१ कसोटी सामने खेळले आणि त्यांपैकी एकाही सामन्यात भारत पराभूत झाला नाही. मात्र त्यांचे बळी केवळ ४७, तेही प्रत्येकी ३९ हून अधिक धावा मोजून. अशा निवृत्त खेळाडूला कीर्तिदालनात स्थान द्यावे काय?

आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने २००९ मध्ये आपले ‘हॉल ऑफ फेम’ सुरू केले. बेदी, गावसकर, कपिलदेव हे त्याचे आरंभीचे भारतीय मानकरी. ६१९ कसोटी बळी घेणारे अनिल कुंबळे २०१५ मध्ये त्यांत सामील झाले. या पंक्तीत चौहान बसत नाहीत, आणि ते योग्यच आहे. दार अरुंद असते, म्हणूनच प्रवेशाला मोल असते.

परंतु खातेवहीतील शिल्लक पाहून संपूर्ण व्यवहार समजत नाही. १९९३ मध्ये इंग्लंडला ३-० असे नमविताना कुंबळे यांनी २१ बळी मिळविले. त्यांच्या जोडीला वेंकटपती राजू आणि चौहान होते. एका टोकाने धावा रोखल्या की दुसऱ्या टोकाला फलंदाज धोका पत्करतो. बळी एकाच्या नावे जमा होतो, श्रम दोघांचे असतात. १९९७ मध्ये कराचीत, अखेरच्या षटकात सकलेन मुश्ताकला षटकार ठोकून भारताला विजयासमीप नेणारेही चौहानच.

याच्या उलट उदाहरण मुंबईच्या पद्माकर शिवलकर यांचे. प्रथम श्रेणीत ५८९ बळी, पण कसोटीची टोपी एकदाही नाही. नियामक मंडळाने २०१७ मध्ये सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार देऊन त्यांची थोरवी मान्य केली.

तात्पर्य, जागतिक दालनाचा निकष आकड्यांचा राहो. नगर, राज्य वा संस्था यांच्या सन्मानफलकावर मात्र संघाला दिलेल्या योगदानाचे मोल व्हावे. निकषच नसेल तर सन्मान ही खिरापत ठरते. निकष केवळ आकड्यांचा असेल तर भार वाहणारे खांदे विस्मृतीत जातात.

आणि हे वेळेवर व्हावे. १९५२ मध्ये हेलसिंकीत ऑलिंपिक कांस्यपदक जिंकणाऱ्या खाशाबा जाधव यांचे १९८४ मध्ये निधन झाले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर. मुदत उलटल्यावर दिलेले देणे फिटते खरे, पण ते स्वीकारणारा हात तेथे नसतो.