हलशी : सीमाभागातील एका राजधानीचा वारसा

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात, नंदगडपासून जवळच हलशी हे लहानसे गाव वसलेले आहे. शेती हाच येथील मुख्य व्यवसाय. तथापि, सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी ‘पलाशिका’ या नावाने हे गाव बनवासीच्या कदंब राजांची दुसरी राजधानी होते.

या इतिहासाचा उलगडा योगायोगाने झाला. नंदगडच्या वाटेवर, चक्रतीर्थ नावाच्या विहिरीजवळील मातीच्या उंचवट्यात ताम्रपटांचे सात संच सापडले. जे. एफ. फ्लीट यांनी १८७७ मध्ये ‘इंडियन अँटिक्वरी’त त्यांचे वाचन प्रसिद्ध केले. त्यांतील सर्वांत जुना ताम्रपट काकुस्थवर्म्याचा, तो युवराज असतानाचा. आपले प्राण वाचविणाऱ्या श्रुतकीर्ती या सेनापतीस त्याने शेतजमीन दिल्याची नोंद त्यात आहे. मृगेशवर्म्याने आपल्या दिवंगत पित्याच्या स्मरणार्थ पलाशिकेत जिनालय बांधले. रविवर्म्याने जिनेंद्राच्या उत्सवासाठी आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत यतींच्या भोजनासाठी व्यवस्था लावून दिली. स्वतःला मानव्य गोत्राचे म्हणविणाऱ्या वैदिक राजांनी जैन संघांस दिलेली ही दाने त्या काळच्या धर्मसहिष्णुतेची साक्ष देतात.

पुढे गोव्याच्या कदंबांच्या काळात हलशीला पुन्हा महत्त्व आले. येथील भूवराह-नरसिंह मंदिर हे त्याचे ठळक स्मारक होय. या मंदिरात दोन गर्भगृहे समोरासमोर आहेत. शिवचित्त पेर्माडीच्या कारकीर्दीत, ११६९ च्या सुमारास, नरसिंहाची स्थापना झाली. वराहमूर्तीची स्थापना त्याचा भाऊ विजयादित्य याच्या काळातील. जैन बस्ती, कल्मेश्वर आदी अन्य देवालयेही गावात व परिसरात आहेत.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्ह्यातील चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला आणि खानापूरसह उर्वरित जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला, १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला. परंतु प्रश्न सुटला नाही. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. सीमेचा निर्णय न्यायालयाच्या अधीन आहे. वारशाचे रक्षण मात्र त्या निर्णयासाठी थांबू शकत नाही. हलशीचे ताम्रपट संस्कृतात आहेत, गावाच्या परिसरात मराठी व कन्नड दोन्ही भाषा नांदतात, आणि कदंबांचा इतिहास कर्नाटक, गोवा व महाराष्ट्र या तिन्ही प्रदेशांना जोडतो.

चक्रतीर्थाजवळचे ते पत्रे कोणी तांब्याच्या भावाने मोडीत काढले असते, तर पलाशिकेचा हा वृत्तांत कायमचा लोपला असता. विहीर, रस्ता वा घराचा पाया खोदताना असे अवशेष कोणत्याही गावी हाती लागू शकतात. जमिनीत सापडलेल्या मौल्यवान पुराणवस्तूंची माहिती जिल्हाधिकाऱ्यांस देणे १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार बंधनकारक आहे. ही गोष्ट ग्रामसभेत समजावून सांगणे, गावातील शिलालेख व वीरगळ यांची नोंद ठेवणे आणि शाळेच्या मुलांना त्यांची ओळख करून देणे, ही कामे पंचायत सदस्य व शिक्षक यांना सहज करता येण्यासारखी आहेत. त्यांसाठी मोठ्या निधीची नव्हे, जागरूकतेची गरज आहे.