खाऱ्या हवेतला हिशेब : कन्सोल की संगणक?
कन्सोल, म्हणजे केवळ खेळांसाठी घडवलेले आणि टीव्हीला जोडायचे बंदिस्त यंत्र, खरेदीच्या वेळी स्वस्त पडते. प्लेस्टेशन ५ ची डिस्क-आवृत्ती २ फेब्रुवारी २०२१ रोजी भारतात आली तेव्हा तिची किंमत ४९,९९० रुपये होती, आणि ग्राफिक्स कार्डांच्या, म्हणजे पडद्यावरील चित्र घडवणाऱ्या भागांच्या, तत्कालीन टंचाईत तेवढ्या पैशांत त्या तोडीचा संगणक जुळवणे अवघडच होते. मात्र बहुतेक विकतचे खेळ इतरांशी ऑनलाइन खेळण्यासाठी कन्सोलवर वर्गणी भरावी लागते, संगणकावर सहसा नाही. किहीमसारख्या किनारी गावात, जिथे खारी दमट हवा धातूचे जोड गंजवते, तिथे संगणकाचा बिघडलेला तेवढाच भाग बदलता येतो, ही सोय (किमतींच्या तक्त्यांत ती क्वचितच धरली जाते) अधिक मोलाची ठरते.