डंपर थांबतो कसा?

छत्तीसगडमधील गेवरासारख्या उघड्या कोळसा खाणीत १०० टन भार वाहणारे डंपर दिवसरात्र धावत असतात. डंपरचे स्वतःचे वजन ७० टन धरले, तर भरलेली गाडी १७० टनांची झाली. ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारी ही गाडी थांबवताना जितकी उष्णता निर्माण होते, तितक्या उष्णतेत सुमारे २९ लिटर पाणी ३० अंशांपासून उकळीपर्यंत तापेल. चालक मात्र केवळ पेडलवर पाऊल ठेवतो.

लहान मोटारीत पेडल दाबले, की मास्टर सिलिंडरमधील द्रव पुढे ढकलला जातो आणि पास्कलच्या नियमानुसार तोच दाब चाकांजवळच्या ब्रेकपर्यंत पोहोचतो. अवजड यंत्राच्या ब्रेकला इतके तेल आणि इतका दाब लागतो, की पायाच्या बळाने ते साधत नाही. तेथे हे काम इंजिनावर चालणारा पंप करतो. पाय फक्त आज्ञा देतो आणि ती आज्ञा मोजूनमापून ब्रेकपर्यंत नेणारी झडप म्हणजे पॉवर ब्रेक व्हॉल्व्ह होय.

या झडपेच्या पोटात स्पूल नावाचा एक दंडगोल अतिशय काटेकोर घासून बसवलेला असतो. पाय उचललेला असताना ब्रेककडील तेलाला टाकीची वाट मोकळी असते. पेडल दाबताच मधली स्प्रिंग आवळली जाते आणि स्पूल सरकतो. तो प्रथम टाकीची वाट बंद करतो व मग दाबाच्या तेलाला ब्रेककडे सोडतो. एवढेच झाले असते, तर पूर्ण ब्रेक किंवा मुळीच नाही, असे दोनच पर्याय उरले असते. खरी युक्ती पुढेच आहे. ब्रेककडे गेलेल्या तेलाचा थोडा अंश स्पूलच्या दुसऱ्या टोकाशी आणलेला असतो आणि तो स्पूलला उलट, पेडलच्या दिशेने रेटतो. तेलाचा हा रेटा स्प्रिंगच्या जोराशी बरोबरीला आला, की स्पूल मधोमध येऊन दोन्ही वाटा बंद करतो व ब्रेकमधील दाब आहे तेथेच स्थिरावतो. पाय आणखी दाबला, की स्प्रिंगचे पारडे जड होते आणि नवा तोल साधेपर्यंत आणखी तेल जाते. जेवढा पाय तेवढाच ब्रेक, असे प्रमाण यातूनच राखले जाते. शिवाय हा उलट रेटा तळपायाला जाणवतो, म्हणून आपण किती ब्रेक लावला, हे चालकाला न पाहताही कळते.

परंतु उतारावर इंजिनच बंद पडले तर? यासाठी ॲक्युम्युलेटर नावाचे पोलादी पात्र असते. त्यात रबरी पिशवीच्या वा दट्ट्याच्या एका बाजूस दाबाखालील नायट्रोजन आणि दुसऱ्या बाजूस तेल असते. पंप थांबला, तरी दबलेला वायू तेल ढकलत राहतो आणि ब्रेक आणखी काही वेळा लावता येतो. साठा ठरावीक मर्यादेखाली गेला, की धोक्याचा भोंगा वाजतो. खात्यातील किमान शिल्लक सांभाळणाऱ्यांना हे तत्त्व नवे नाही! पुढच्या व मागच्या चाकांचे मार्ग बहुधा स्वतंत्र असतात. त्यामुळे एक नळी फुटली, तरी दुसरा मार्ग शाबूत राहतो. पार्किंग ब्रेकची रचना बहुतेक ठिकाणी याच्या उलट असते: तो स्प्रिंगने लागतो आणि तेलाच्या दाबाने सुटतो, म्हणजे तेल संपले की आपोआप लागतो.

जुने यंत्र कर्ज काढून विकत घेणाऱ्यांची फसगत नेमकी येथे होऊ शकते. रंग ताजा असतो, इंजिनाचा आवाज चांगला असतो आणि ब्रेकही उत्तम लागतो. ॲक्युम्युलेटरमधील नायट्रोजन गळून गेलेला असला, तरी इंजिन सुरू असेतो पंप ती उणीव झाकून नेतो. म्हणून यंत्र सपाट जागी, चाकांना अडण्या लावून उभे करावे आणि जाणकार मेकॅनिककरवी इंजिन बंद ठेवून पेडल पुनःपुन्हा दाबून पाहावे. भोंगा किती दाबांनंतर वाजायला हवा, हे निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेले असते. पहिल्या-दुसऱ्या दाबालाच तो वाजू लागला, तर किंमत ठरवण्यापूर्वी ॲक्युम्युलेटर तपासून घ्यावा. त्यात कोरडा नायट्रोजनच भरतात. ऑक्सिजन भरल्यास तेलाशी गाठ पडून स्फोट होऊ शकतो. तेलाचीही अशीच गोष्ट आहे. खनिज हायड्रॉलिक तेलावर चालणाऱ्या यंत्रणेत मोटारीचे ब्रेक ऑइल ओतल्यास झडपेतील रबरी सील खराब होतात आणि काटेकोर बसवलेला तो स्पूल मग अडकू लागतो.