लोकसहभागाची संवादसाधने: महाराष्ट्रातील पाच दशकांचा मागोवा

एखादे सार्वजनिक काम हाती घेताना, ज्यांच्या जगण्यावर त्याचा परिणाम होणार आहे त्यांना माहिती देण्यासाठी आणि त्यांचे मत जाणून घेण्यासाठी जी पत्रके, फलक, नकाशे, प्रतिकृती आणि सूचना तयार केल्या जातात, त्यांना लोकसहभागाची संवादसाधने म्हणता येईल. महाराष्ट्रात 1970 च्या दशकापासून पाणी, घर, स्वच्छता आणि नगररचना या क्षेत्रांत अशा साधनांचे अनेक प्रयोग झाले. त्यांचा एकत्रित विचार केला असता असे दिसते की, साधनाचा परिणाम त्याच्या देखणेपणावर फारसा अवलंबून नसतो. ते निर्णयाआधी लोकांच्या हाती पडते का, लोकांच्या ओळखीच्या मापात बोलते का आणि लोकांना त्यात दुरुस्ती करता येते का, यांवर त्याचे यश ठरते.

या प्रयोगांच्या मागे दोन जुन्या परंपरा होत्या. दवंडी हे हुकूम कळवण्याचे साधन होते. तिला उत्तर देण्याची सोय नव्हती. याउलट गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा घेऊन रस्ते झाडत आणि रात्री कीर्तनात श्रोत्यांनाच प्रश्न विचारून त्यांच्या तोंडून उत्तरे वदवून घेत, त्यामुळे स्वच्छतेचा निष्कर्ष गावाला स्वतःचा वाटे. पुढील काळातील बहुतेक साधने या दोन टोकांच्या मध्ये कुठे ना कुठे बसतात.

1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या संख्येनुसार द्यायचे, माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल इतकेच द्यायचे, भूमिहीनांचाही पाण्यावर हक्क मानायचा, उसासारखे पीक घ्यायचे नाही आणि योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी उचलायचा, असे तिचे नियम होते. घरात माणसे किती हे प्रत्येकाला माहीत असल्याने आपल्या वाट्याला काय येणार आणि शेजाऱ्याच्या वाट्याला काय, याचा हिशेब कोणालाही करता येत होता. नियमच इतका स्वच्छ असल्यामुळे तो समजावण्यासाठी वेगळ्या प्रचारसाहित्याची फारशी गरज उरली नाही.

1980 च्या दशकात मुंबईत निराळे साधन आकाराला आले. पदपथावरील वस्त्या हटवण्यासंबंधी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 1985 मध्ये लागला, त्याच वर्षी ‘स्पार्क’ या संस्थेने पदपथवासीयांची गणना प्रसिद्ध केली. त्यानंतर भायखळा परिसरातील महिलांनी ‘महिला मिलन’ या संघटनेमार्फत आपल्याला हवे तसे घर स्वतः आखले आणि त्याच्या खऱ्या मापाच्या प्रतिकृती उभारून प्रदर्शने भरवली. आराखड्याचा कागद वाचता येण्यासाठी शिक्षण लागते. परंतु उभ्या केलेल्या चौकटीत शिरून चूल कुठे मांडायची, पाहुणे आले तर कोण कुठे झोपणार आणि छत उंच ठेवून पोटमाळा काढला तर किती जागा हाती लागते, हे कोणत्याही बाईला चालून, बसून, हात उंचावून पाहता येत होते. अधिकारी आणि रहिवासी एकाच चौकटीत उभे राहून बोलत असल्याने तज्ज्ञाचा वरचष्मा कमी झाला आणि पोटमाळ्याची कल्पना थेट घराच्या रचनेत उतरली.

ग्रामीण भागात हेच काम सहभागी ग्रामीण मूल्यावलोकनाने केले. गावकऱ्यांनी स्वतःच आपल्या गावाची माहिती मांडावी आणि तिचा अर्थ लावावा, अशी ही पद्धत आहे. 1992 पासून राबवलेल्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात, म्हणजे एका ओढ्याकडे वाहून येणारे सगळे क्षेत्र एकत्र धरून माती आणि पाणी अडवण्याच्या कामात, तिचा मोठा उपयोग झाला. रांगोळी आणि खडे वापरून जमिनीवर काढलेल्या गावनकाशात चूक दिसली की कोणीही वाकून ती पुसू शकत असे. त्यापुढे शेताच्या प्रत्येक गटावर पती-पत्नी दोघांना सोबत घेऊन आखणी करण्याची रीत रुजली, कारण बांध कुठे घालायचा याबद्दल शेतात राबणाऱ्या बाईचे मत गावच्या बैठकीत ऐकू येत नसे.

दरम्यान कायद्यानेही ही जबाबदारी स्वीकारली. 73 व्या घटनादुरुस्तीने 1993 मध्ये ग्रामसभेला घटनात्मक स्थान दिले. 1997 मध्ये मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरणीय मंजुरीसाठी जनसुनावणी आवश्यक ठरली. माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाने माहिती देताना स्थानिक भाषा आणि त्या भागातील सर्वांत परिणामकारक माध्यम विचारात घ्यावे, असे सांगितले. 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेने सुनावणीपूर्वी किमान तीस दिवसांची सूचना, प्रकल्पाचा स्थानिक भाषेतील सारांश आणि वृत्तपत्रे पोहोचत नाहीत तेथे दवंडी अशी तरतूद केली. सुनावणीच्या शेवटी नोंदवलेली मते लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवण्याचेही बंधन घातले. दवंडीला आता उत्तराची जोड मिळाली होती. तथापि तांत्रिक शब्दांनी भरलेला सारांश मराठीत छापला म्हणजे तो समजला असे होत नाही. धूळ किती उडेल, विहिरीचे काय होईल आणि जमीन कोणाची जाईल, हे त्यातून कळले तरच तरतुदीचा हेतू साधतो.

2000-01 मध्ये सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने स्पर्धेची जोड देऊन प्रभातफेऱ्या, भिंतीवरील घोषवाक्ये आणि ग्रामसभा गावोगावी नेल्या. 2016 मध्ये वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांपासून सुरू झालेल्या पानी फाउंडेशनच्या वॉटर कपने प्रशिक्षण, चित्रफिती आणि श्रमदान यांची सांगड घातली. हजारो हात कामाला लागले ही या मोहिमांची मोठी कमाई होय. मात्र श्रमदानाने साठलेले पाणी कसे वापरायचे, हा प्रश्न स्पर्धा संपल्यावरही उरतो. हिवरे बाजार या गावाने त्याचे उत्तर पाण्याच्या ताळेबंदात शोधले. गावात पडलेला पाऊस मोजायचा, उपलब्ध पाण्याचा अंदाज ग्रामसभेपुढे मांडायचा आणि त्यावरून पिके ठरवायची, या रीतीमुळे मोजलेला आकडा थेट सर्वांच्या निर्णयाचा आधार होतो.

लोकांना तपासू दिले की काय घडते, हे मुंबईच्या विकास आराखड्याने दाखवले. फेब्रुवारी 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रारूपावर हजारो हरकती आल्या, त्यातील चुका उघड झाल्या आणि एप्रिलमध्ये ते मागे घ्यावे लागून 2016 मध्ये सुधारित प्रारूप आले. 2020 मध्ये पर्यावरण अधिसूचनेचा नवा मसुदा केवळ इंग्रजी आणि हिंदीत निघाला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने तो राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत अनुवादित करण्यास सांगितले. ज्याला मसुदाच वाचता येत नाही त्याच्याकडून हरकत मागवणे ही निव्वळ औपचारिकता ठरते, हे या प्रसंगातून अधोरेखित झाले.

या पाच दशकांत छपाई, चित्रफीत आणि मोबाइल यांनी साधनांचा पल्ला वाढवला, पण त्यांचे मर्म बदलले नाही. खर्च किती, लाभ कोणाला, तोशीस कोणाला आणि कोणती गोष्ट अजून ठरायची आहे, हे प्रत्येक पत्रकाने उघडपणे सांगितले पाहिजे. शेवटची तारीख आणि सूचना देण्याचे ठिकाण इतकेच छापून ते थांबता कामा नये. आलेल्या सूचनांपैकी कोणती स्वीकारली, कोणती नाकारली आणि का, हे सांगणारे दुसरे पत्रक पहिल्याइतकेच आवश्यक आहे, आणि आजवर सर्वाधिक हेळसांड त्याचीच झाली आहे. ते ज्या कामात नियमाने निघेल, त्याच कामाच्या पुढच्या बैठकीला लोक विश्वासाने येतील.